आप्पांच्या कॅमेऱ्याचा पट्टा

आप्पांच्या कॅमेऱ्याचा पट्टा दिवाळीत तुटला. नशीब थोर म्हणून कॅमेरा गादीवर पडला आणि त्याला काही झालं नाही. झालं ते आप्पांना. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी कॅमेरा पुसला, कपाटात ठेवला आणि किल्ली आईच्या हातात दिली. "आता हातात बळ न्हाय," एवढंच म्हणाले.

त्यांचे हात गेली काही वर्षं थरथरतात. कप बशीत वाजायला लागला की ते मोठ्यानं खाकरतात, आणि आम्ही मायलेकी काही ऐकलंच नाही असं दाखवतो. ऊस सांभाळून त्यांनी इंदापूर तालुक्यातल्या लग्नांचे फोटो काढले, ते ह्याच कॅमेऱ्यावर. जुना, जड डबा. पुढं एकाखाली एक दोन भिंगं. तो डोळ्याला लावत नाहीत. छातीपोटाशी धरून वरून काचेत वाकून बघायचं. लग्नांची कामं बंद झाली, पण एक नेम राहिला. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवला जायचं आणि वर आलेल्या जुन्या देवळाचा होडीतून एक फोटो काढायचा. यंदा हा नेम मोडणार हे मला दिसत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. कॅमेरा पुन्हा एकदा पडला असता तर त्यांनी त्याला जन्मात हात लावला नसता. म्हणून न पडणारा पट्टा हवा होता.

मी बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. माल पास-नापास करणं हाच माझा धंदा, त्यामुळे पट्ट्याचं मी मनावर घेतलं.

पहिला ऑनलाइन मागवला. रुंद, मऊ, देखणा. पण मधला चाप प्लास्टिकचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. शिवाय कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या पद्धतीच्या खुंट्या आहेत, त्यांवर त्याची टोकं बसेनात. बारामतीतल्या एका दुकानदारानं कॅमेरा उलटासुलटा करून सांगितलं, "मॅडम, नवीनच घ्या ना." वडीलही नवीन मिळतात का, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

शेवटी तुटक्या पट्ट्याच्या धातूचे चिमटे तेवढे काढून ठेवले, कारण खुंट्यांवर तेच घट्ट बसत होते, आणि इंदापूरच्या बाजारात जनावरांचा साज विकतात तिथं गेले. म्होरक्या, कासरे, गोंडे. त्यात बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधायचा एक चामडी पट्टा मिळाला. तेल पाजलेला, बोटाएवढा रुंद, बक्कल असलेला. तो चिमट्यांना दुहेरी दोऱ्यानं शिवून घेतला. मग आमच्याकडं कुठल्याही नव्या दोराची घेतात तशी त्याची परीक्षा घेतली. दुधाची किटली पाण्यानं काठोकाठ भरून पट्ट्याला अडकवली आणि पडवीच्या आकड्याला टांगून ठेवली.

"कॅमेरा हाय का म्हस?" आई म्हणाली.

किटली तसूभरही खाली आली नाही. मी पट्टा पास केला.

आप्पांनी कॅमेरा गळ्यात घातला, खाली बघितलं आणि म्हणाले, "आखूड कर."

"काचंल आप्पा. थोडी ढील पायजे."

दाव्याला चार बोटं ढील ठेवावी, नाहीतर जनावराच्या गळ्याला फास बसतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते पुन्हा म्हणाले, "आखूड पायजे." का, ते सांगितलं नाही. मी त्याला म्हातारपणाचा हट्ट समजले. त्यांचा स्वभाव मलाच आलाय, तेव्हा पट्टा होता तेवढाच राहिला.

मे महिन्यात पळसदेवला गेलो. होडीत आप्पा, मी आणि वल्हं मारणारा एक कोळी. देवळासमोर त्यानं वल्हं थांबवलं. आप्पांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि मी त्यांच्या खांद्यावरून काचेत बघितलं. देऊळ नुसतं नाचत होतं. शिखर काचेच्या ह्या कडेवरून त्या कडेवर. आप्पा दोन्ही हातांनी कॅमेरा खाली दाबत होते, पण पट्टा ताणला जायच्या आधीच कॅमेरा मांडीला टेकत होता. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. मग हात काढून घेतले. पट्टा गळ्यात सैल लोंबत राहिला. माझा पट्टा पास झाला होता.

"चल माघारी," ते होडीवाल्याला म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना पट्टा ताठ हवा होता. गळ्यापासून हातापर्यंत ताणलेला, म्हणजे थरथरत्या हातांना ओढून धरायला काहीतरी मिळतं. तो जुना पट्टा किती आखूड होता! आणि मी त्यांना बैलासारखी ढील देऊन बसले होते. हात थरथरतात म्हणून आखूड हवा, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि मलाही ते विचारवलं नाही.

"थांबा जरा," मी होडीवाल्याला म्हटलं. आप्पांच्या मागं सरकले आणि मानेपाशी पट्टा गोळा करून मुठीत धरला. कॅमेरा वर छातीशी आला. आप्पांनी तो खाली दाबला आणि पट्टा ताठ झाला. हातांची थरथर चामड्यातून माझ्या मुठीत आली. मी मूठ आणखी आवळली. हळूहळू थरथर थांबली.

काचेत देऊळ उभं राहिलं.

"ढील दिऊ नगंस," आप्पा म्हणाले. मग कळ दाबल्याचा बारीक आवाज आला. मला रडू फुटलं. त्यांनी शांतपणे रोल पुढं फिरवला.

घरी आल्यावर मी भोक पाडायचा पंच काढला. "आप्पा, कुठं पाडू भोक? किती आखूड करू?"

त्यांनी पट्टा हातात घेऊन बघितला आणि कॅमेऱ्याभोवती गुंडाळून ठेवला.

"नगं. हाय तसाच असू दे," ते म्हणाले. "फुडल्या साली तू येतीसच की."