दमटपणावरचा उपाय

आप्पा कुणाचं वाईट चिंतणारे नव्हेत. उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केली, पण एका उतारूनं कधी त्यांची तक्रार केली नाही. असा माणूस गेला आठवडाभर सुनेच्या नजरेला नजर देत नव्हता.

झालं होतं असं. सून श्रुती श्रावणात माहेरी, देवरूखला गेली. ती घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं तयार करते. नवरा सुजय बोटीवर, त्यामुळे तिचा सगळा जीव ह्या कामात. पावसाळ्यात आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते, मग त्या यंत्राचं काय होईल, ह्या काळजीनं आप्पांनी कपड्यांच्या कपाटात लावतात तसा पिवळा बल्ब कॉम्प्युटरच्या बंद कपाटात, त्याच्या डब्याला टेकूनच, पेटवून ठेवला. तोही रात्रंदिवस! ती यायच्या दिवशी कपाटाचं दार उघडलं, तर डब्याचा हाताला चटका बसला. आप्पांनी बल्ब गुपचूप माळ्यावर टाकला. श्रुतीनं येऊन बटण दाबलं, आतल्या डिस्कची नुसती टकटक ऐकू आली, आणि तिच्यावरची सगळी डिझाइनं गेली.

श्रुती आधी रडली, मग भडकली. डिस्क गेल्याच वर्षी बाजारातल्या हरिश्चंद्रकडून घेतलेली. "नाव हरिश्चंद्र आणि धंदा लबाडीचा!" हे तिनं फोनवर सुजयला ऐकवलं, शेजारच्या आनंदीबाईंना ऐकवलं, पावस गावच्या गिऱ्हाइकालाही ऐकवलं. आप्पा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. आज सांगू, उद्या सांगू म्हणत जीभ काही उचलेना. चांगलं करायला गेलो होतो, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण मन खातच राहिलं.

शेवटी नवी डिस्क आणायला निघताना श्रुती म्हणाली, "आप्पा, तुम्हीही चला. तुमच्यासमोर तो फसवायला धजणार नाही."

हरिश्चंद्रनं वाद घातलाच नाही. जुनी डिस्क जोडून पाहिली आणि मान हलवली. "आतलं काय निघणार नाय, वहिनी. आता फिरती डिस्क नको, एसएसडी घ्या. तिच्यात हलणारं काय नसतं. पाच वर्षांची वॉरंटी आहे. पण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, काम नाय मिळत. काम दुसऱ्या डिस्कवरपण ठेवत जा. आणि जुनीपेक्षा हिची जी जास्तीची किंमत पडते, तो फरक मी सोसतो. माझ्याकडची वस्तू गेली, मलाच वाईट वाटतं." मग जुनी डिस्क हातात घेऊन त्यानं विचारलं, "गरम जागेत तर नव्हती ना?"

"छे हो! मी नव्हते तेव्हा आप्पा होते घरात. माझ्यापेक्षा जास्त जपतात ते."

आप्पांची कानशिलं तापली. गच्च गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज आज टेबलापलीकडे जाईना.

"बल्ब लावला मी. दमट होऊ नये म्हणून. ह्यांची काय चूक नाय."

श्रुती हरिश्चंद्रकडे वळून म्हणाली, "माझं चुकलं हो. फार वाईट बोलले मी तुमच्याबद्दल." तिनं पूर्ण पैसे देऊन डिस्क घेतली.

पायऱ्या उतरल्यावर आप्पा म्हणाले, "तुझं काम गेलं गो माझ्यामुळं."

"काम मी परत करीन, आप्पा. बल्बाचंही मला काही नाही, तुम्ही जपायलाच गेलात. पण मी त्या माणसाला लबाड म्हणत होते, तेव्हा तुम्ही समोरच होतात ना?"

"समोरच होतो," आप्पा म्हणाले.