माझी भित्री जाऊ

सुधाकरभाऊजींचा फोन आला तेव्हा मी उमरखेडच्या घरी तुळशीला पाणी घालत होते. ते माझे धाकटे दीर. सकाळी सहसा फोन करत नाहीत. म्हणाले, "वैनी, वनिता गेली." माझ्या तोंडून पहिलाच प्रश्न निघाला, "झाडावरून पडली काय?" ते म्हणाले, "नाही वैनी. घरीच. चहा गाळता गाळता खाली बसली, अन् तशीच..." मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पाच आठवडे झाले, पण माझा तो प्रश्न माझ्याच कानातून जात नाही. त्यात काळजी होती, पण नुसती काळजी नव्हती. मी एवढी वर्षं बजावत होते तसंच झालं, हे ऐकायची मनाची तयारी होती. सख्ख्या जावेच्या मरणाची बातमी ऐकताना माणूस असा असू शकतो. म्हणून वनितावर लिहायचं तर माझा हेवा वगळून लिहिता येणार नाही.

ती लग्न होऊन फुलसावंगीला आली तेव्हा मला त्या घरात सहा वर्षं झाली होती. आल्या आल्याच कळलं, हिला उंचीचं भेव. स्लॅबवर जायला लोखंडी शिडी होती. तिसऱ्या पायरीवर तिचे पाय लटलट कापायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे वं पोरी, मोठी जाईल." झालं. त्यानंतर वीस उन्हाळे पापड, कुरडया, मिरच्या वाळवायला वर मीच चढले आणि वनिता खाली सावलीत बसून लाट्या करत राहिली. तिच्या भित्रेपणाचासुद्धा मला हेवा वाटायचा. माझं माहेर कळंबजवळच्या खेड्यातलं. आमच्या दारातल्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत मी दोर नाही, शिडी नाही, अशी चढायचे. सहावीत गेल्यावर आईनं एक दिवस खाली उतरवलं आणि पुन्हा चढू दिलं नाही. मी कधी भ्यायले नाही, म्हणून मला कोणी कधी जपलं नाही... असं मला वाटे.

पुढे आम्ही उमरखेडला राहायला आलो. वनिताची मुलगी प्राची पुण्याला शिकायला गेली आणि तिथं दोराच्या आधारानं झाडावर चढायला शिकली. एका दिवाळीत तिनं शेतातल्या मोठ्या मोहाच्या झाडाला दोर लावला. दोर वरच्या जाड फांदीवरून टाकायचा, त्याला कमरेचा पट्टा अडकवायचा आणि गाठ वर सरकवत हळूहळू चढायचं. हात सुटले तरी गाठ माणसाला धरून ठेवते. आम्ही सगळे गंमत बघत उभे होतो. अठ्ठेचाळीस वर्षांची वनिता एकदम म्हणाली, "मले बांध." हातभर वर गेली आणि रडायला लागली. खाली उतरवल्यावर डोळे पुसून म्हणाली, "पुढच्या रविवारी पुन्हा."

त्या झाडाच्या दुबेळक्यापर्यंत, म्हणजे खोडाला दोन फांद्या फुटतात तिथवर, पोचायला तिला आठ महिने लागले. दर रविवारी जायची. भाऊजी खाली बसून राहायचे. भेव गेलं का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जात नाही बाई. भेव वाटूनच राह्यलं, पण हात आपले चालते." मग गावातल्या बाया यायला लागल्या. शाळेतल्या दोन मॅडम आल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली लिहिलं होतं, भीतीवर मात करणारी गृहिणी. मी तो अंक कपाटावर कागद म्हणून अंथरला, फोटो खालच्या बाजूला येईल असा. कुठे विषय निघाला की मी सांगायचे, आम्ही तर लहानपणी दोराशिवाय चढायचो. लोक 'हो का' म्हणत आणि पुन्हा तिच्याकडे वळत.

एका रविवारी भाऊजी बाहेरगावी होते. मी मुद्दाम एकटी फुलसावंगीच्या गाडीत बसले. एकदा चढून दाखवायचं, एवढंच मनात होतं. वनिता पट्टा घेऊन आली. मी म्हटलं, "मी चिंचेवर चढलेली बाई आहो, मले कायले पाहिजे?" तिनं पट्टा माझ्या कमरेला बांधला आणि दोनदा ओढून पाहिला. दीड पुरुष वर गेल्यावर मी खाली पाहिलं... आणि अंगातलं सगळं थिजलं. बोटं दोरावरून सुटेनात. पन्नास वर्षं ज्या निर्भयपणाचा तोरा मिरवला, तो कधी निघून गेला ते मला कळलंच नव्हतं. वनिता दुसऱ्या दोरानं माझ्या बाजूला आली. म्हणाली, "खाली पाहू नका बाई. सालीवर मुंगे चालून राह्यले, ते मोजा. मी आहो न." मी सतरा मुंगळे मोजले. मग तिनं माझं एकेक बोट सोडवून मला खाली आणलं.

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं हे कोणालाही सांगितलं नाही. पुढं एका लग्नात कोणीतरी मला विचारलं, "तुम्ही नाही चढत का झाडावर?" माझ्या आधी वनिताच म्हणाली, "बाईंले काय नवल? त्या लहानपणीच चढून बसल्या." माझ्या ताटातलं जेवण तसंच राहिलं. तिच्याजवळ धीर होता, नाव होतं, आणि आता माझी लाज राखण्याइतका मोठेपणाही होता. नंतर दोन वर्षं ती बोलवत राहिली, "या न बाई, या रविवारी या," आणि मी गुडघ्याचं दुखणं सांगत राहिले. गुडघे माझे ठणठणीत होते.

तेरवीनंतर प्राची तीन आठवडे थांबली. मागचे दोन रविवार मी शेतात गेले. तिनं विचारलं नाही, पट्टा बांधला. पहिल्यांदा अर्ध्यावरून परतले. परवा दुबेळक्याला हात लागला. खालून प्राची म्हणाली, "मोठी आई, आईले इथवर याले आठ महिने लागले होते." आणि मला बरं वाटलं. ती गेल्यावर पाच आठवड्यांनीसुद्धा, तिच्या मुलीच्या तोंडून ऐकून, मला बरं वाटलं.

दुबेळक्यात एक गोणपाट होतं. चौपदरी घडी करून सुतळीनं चारही बाजूंनी नीट बांधलेलं. बसून बसून मध्ये दबलेलं, एका माणसाच्या मापाचं. तिथून सुधाकरभाऊजींचं घर दिसतं, कपाशी दिसते, आणि त्यापलीकडे मला माहीत नसलेलं बरंच काही दिसतं. वनितानं ते पाच वर्षं पाहिलं. बसायला मऊ जागा समोर होती. मी गोणपाटाला धक्का न लावता बाजूच्या उघड्या फांदीवर टेकले आणि खोडाला मिठी मारून, प्राची हाक मारेपर्यंत तिच्या जागेशेजारी बसून राहिले.