एमिरभाऊंचा रेकॉर्डर

जळगावच्या दवाखान्यातून सकाळी फोन आला. पेशंटचं कोण बोलताय? मी म्हटलं, घरमालकीण. पलीकडचा माणूस म्हणाला, "गेले ते."

एमिरभाऊ बोस्नियाचे. तिकडे साहित्याचे प्राध्यापक आणि धाक वाटावा असे समीक्षक. त्यांच्या एका लेखानंतर त्यांच्याच जिवलग मित्राने कविता लिहिणं सोडलं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा सुरात ते हे जेवताना सांगायचे. युद्धानंतर देश सोडला, लोकगीतांवर पुस्तक लिहून नाव कमावलं, आणि खानदेशातल्या बायका मयतीला जे गाऊन रडतात त्याचा अभ्यास करायला इकडे आले. वरची खोली मी भाड्याने दिली. वर्षभरासाठी आलेले, राहिले ते कायमचे. अहिराणीत भाजीवालीशी भांडण्याइतके तयार झाले.

पारोळ्याजवळच्या आमच्या गावी सासूबाई वारल्या तेव्हा मीच त्यांना सोबत नेलं. माझी थोरली जाऊ, आमच्या अक्का, या रडण्यासाठी आसपासच्या गावांत नावाजलेल्या. दारात बसून त्यांनी सासूबाईंची एकेक आठवण अशी गायली की पुरुषमाणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एमिरभाऊंचा रेकॉर्डर चालू होता. दहाव्याला, भरल्या पंगतीत ते म्हणाले, "अक्का, शेवटच्या ओळी मी पाचोऱ्याला ऐकल्यात. उसन्या आहेत. बाकी छान होतं."

अशा ओळी कुणा एकीच्या नसतात, माहेरून सासरी जातात, हे त्यांच्याच पुस्तकात छापलेलं होतं. परतताना मी तसं सुनावलं. म्हणाले, पुस्तकात ते बरोबरच आहे, पण अक्का पुस्तकासाठी रडत नव्हत्या.

त्यानंतर अक्का कुणाच्याच मयतीत रडल्या नाहीत. सख्खा भाऊ गेला, भावजयीने पाय धरले, तरी नाही. एमिरभाऊंचं दुसरं पुस्तक तिथेच अडलं. धुळ्यापासून असोद्यापर्यंत फिरले, तसा आवाज मिळेना. माफी मागा, मी म्हटलं. समीक्षक मत मागे घेत नाही, म्हणाले.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "अक्का येतील?"

येतील, मी म्हटलं.

"मग रेकॉर्डर लावा. शेवटचं प्रकरण होईल."

आणि ते लिहिणार कोण, असं मी विचारलं. त्यावर हसले.

कब्रस्तानात नेण्याआधी त्यांना माझ्या पुढच्या खोलीत ठेवलं होतं. मी उशाशी रेकॉर्डर लावला. अक्का आल्या, पदर सावरून बसल्या, दिलेला चहा प्यायल्या. जमलेल्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अक्कांनी रेकॉर्डरकडे पाहिलं आणि उठल्या.

"उसनं रडानं नही, आसं त्यानीच सांगेल शे," त्या म्हणाल्या. "आनि मन्हाजोडे त्यानाकरता सोतानं काहीच नही."

वर आता नवा भाडेकरू आला आहे. खोली रिकामी करताना रेकॉर्डर एकदा लावून ऐकला. पंखा, कपबश्या, स्वतःचं काहीच नाही हे अक्कांचं बोलणं, मग दाराशी चपलांचा आवाज... पुढे बराच वेळ नुसता पंखा. मी सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले.