आसरांपासून टेप धरणारे हिवराळे

हिवराळे साहेब कुठल्याही प्लॉटवर पुढच्या बाजूनं कधी आले नाहीत. पहिल्या वेळी मी मालकाला घेऊन रस्त्याच्या तोंडाशी त्यांची वाट बघत उभा होतो. मालकानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, शहाळी आणून ठेवली होती. साहेब काही येईनात. फोन लावावा म्हणून मागं वळलो, तर पँट मोज्यांत खोचलेला, हातात लोखंडी सळई घेतलेला एक किडकिडीत माणूस प्लॉटमागच्या नाल्यातून वर चढत होता. मला वाटलं, कुणाची शेळी हरवली असेल.

"मागून आलो," ते म्हणाले. "पुढून आलं की माणसं दाखवत्यात. मागून आलं की दिसतं." शहाळ्यांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

माझा धंदा नकाशे काढण्याचा. औरंगपुऱ्यात वह्यापुस्तकांच्या दुकानावर एक खोली आहे, तेच ऑफिस. मोठे टॉवर वगैरे आमच्या वाट्याला येत नाहीत. कुणाचं घर, कुणाचं दुकान, कुणाची कंपाउंडची भिंत, असली किरकोळ कामं. प्लॉट नाल्याकाठचा असला की परवानगीआधी नाल्यापासून पुरेसं अंतर सोडलंय का, हे बघायला सरकारी अभियंता येतो. त्याचं मत अनुकूल पडलं तर नकाशा पुढं सरकतो, नाहीतर तिथंच बसतो. दादाराव हिवराळे हे ते अभियंते, आणि त्यांच्या हाताखाली आमचे बरेच नकाशे बसलेले असत. आम्ही लोक त्यांना पाठीमागं 'शक्की हिवराळे' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "शक घ्यायचाच तर पगार हाय मला," ते म्हणायचे. "भरवसा ठेवायला तुमचा देव बसलाय की."

त्यांना सगळ्याचाच शक यायचा. नाल्याकाठी नवी हिरवळ लावलेली दिसली की ते तिथंच थांबत. फुलझाडं एका ओळीत दिसली की सळई जमिनीत खुपसत. सळई सहज आत गेली तर खाली भराव आहे, म्हणजे नाला बुजवून त्यावर बाग केली आहे, असा त्यांचा हिशेब. बहुतेक वेळा तो बरोबर यायचा. एकदा मात्र सपशेल चुकला. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या अंगणात सळई सुळकन आत गेली. साहेबांनी खोदायला लावलं. निघाला तो शौचालयाचा जुना, बुजवलेला खड्डा. म्हातारी नाकाला पदर लावून नवऱ्याला बोल लावत होती. साहेबांनी माफी वगैरे काही मागितली नाही. शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि फावड्यानं सगळा खड्डा स्वतः परत बुजवला. निघताना मला म्हणाले, "शक चुकला. पण घेतला हे नाय चुकलं."

घरच्या कामातही तेच. थोरल्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा बैठकीच्या आदल्या दिवशी हा गृहस्थ मुलाच्या घराच्या मागच्या बोळातून हिंडून आला. काय बघितलंत, म्हणून मी विचारलं. "मोरी बघितली. मोरीतलं पाणी वाहतं हाय, तुंबलेलं नाय. दिली पोरगी." संसार चांगला चालला आहे म्हणे.

मला हा माणूस आवडायचा आणि त्याची भीतीही वाटायची. भीती अशासाठी की त्याच्यासमोर खरं बोलतानासुद्धा आपण थाप मारतोय असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता. आमच्या लाईनमध्ये कुणी काही घेत नाही असं ऐकलं, की आम्हाला वाटतं भाव जास्त असणार.

त्यांची एक पद्धत मात्र मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. नाल्याची कड कुठून धरायची हा आमचा कायमचा वाद. हद्दीचा दगड म्हणाल तर तो आज इथं आणि उद्या तिथं. उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाला कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर. हिवराळे आधी आसरा शोधायचे. ओढ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. बाया तिथं दहीभात ठेवतात, हिरव्या बांगड्या वाहतात. हिवराळे त्या दगडांशी टेपचं टोक धरायला लावायचे आणि तिथून मोजायचे.

"साहेब, तुम्ही आसरा मानता?" मी एकदा विचारलं.

"आमच्या आज्यानं धर्म बदलला त्या दिवशी घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीला सोडले," ते म्हणाले. "आमच्या घरात बुद्ध हाय, बाकी कुणी नाय. मी कशाला मानू? पण तुमी मानता ना. हद्दीचा दगड हलवताना माणसाचा हात थरथरत नाय. आसरांना हात लावताना थरथरतो. तुमची भीती हाय ती, तिच्यावर मोजतो."

मग माझ्या अक्काचं काम निघालं.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून उस्मानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. दर दोन-तीन वर्षांनी मालकाची कटकट, नळाला कुलूप, पाहुणे आले की तोंडं वाकडी. दाजी निवृत्त झाले तेव्हा हर्सूलकडं नाल्याकाठी एक प्लॉट घेतला. अक्कानं घराची स्वप्नं इतकी वर्षं साठवली होती की नकाशा तिनंच सांगितला, मी नुसत्या रेघा मारल्या. पुढं बैठक, मागं मोठं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून ओट्यावरून दिसेल असं देवघर. बहिणीचंच काम, म्हणून मी अंतर दोनदा मोजलं होतं. मागच्या भिंतीपासून आसरांपर्यंत नियमात बसत होतं, वर थोडं उरतही होतं.

हिवराळे आले, मागूनच आले. टेप धरली. आकडा बघितला. पुन्हा धरली. सळईही जमिनीत जाईना. त्यांनी आसरांसमोर उकिडवं बसून शेंदराकडं बराच वेळ बघितलं.

"काही अडचण आहे का साहेब?" मी विचारलं.

"अडचण नाय, हीच अडचण हाय," ते उठत म्हणाले. "समदं बरोबर बसतंय. मन खायलंय. परत येतो."

परत येतो, याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ होतो, काहीतरी द्यावं लागणार. घरी जाऊन मी दाजींना तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेलो आणि हळूच विचारलं, "साहेब, काय करायचं आपण?" त्यांनी पुडा माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "आपण नाय करायचं. मी करायचं. तुमी पेढे खावा." मी जिना उतरलो तो पुरता गोंधळून. एवढ्यावर भागणार नाही असं त्यांना म्हणायचं होतं, की खरंच काही नको होतं, मला काही कळेना.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "इंजिनेर, या. बहिनीलाबी आणा."

आम्ही गेलो तेव्हा ते प्लॉटच्या आत उभे होते, नकाशात अक्काचं देवघर होतं अगदी त्या जागी. पायाशी मोकळी जमीन. आणि त्या मोकळ्या जमिनीवर दहीभाताचे गोळे, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. पलीकडं नाल्याच्या बाजूला सात दगड शेंदरानं चकचकत होते. त्यांच्यापुढं वाळलेल्या हारापलीकडं काही नव्हतं.

जवळच्या वस्तीतली एक बाई लेकुरवाळ्या सुनेला घेऊन ताट घेऊन आली होती. साहेबांनी तिला आम्हाला सांगायला लावलं.

"दगुड व्हय? ते मालकानं पुढं नेलेत," ती म्हणाली. मालक म्हणजे ज्यांच्याकडून दाजींनी प्लॉट घेतला ते. "प्लाट पाडायच्या आधी नेले. चोरून नाय नेले, वाजवून नेले. कौल घेतला, बोकड कापलं, समद्या वस्तीला जेवण दिलं."

"मग तुम्ही इथं का ठेवता?" अक्कानं विचारलं.

"आसरा काय दगडात असत्यात का बाई? त्या पाण्याच्या जाग्यावर असत्यात. पाणी इथवर यायचं. दगडाला गडीमाणसं नमस्कार करत्यात. आमी जाग्याला करतो."

हिवराळ्यांना हसू आलं. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं. "बघा," ते म्हणाले, "देवाची परवानगी रीतसर काढली. माझीच तेवढी राहिली." मग हसू गेलं आणि ते माझ्याकडं वळले. "तुमाला ठाऊक व्हतं?"

"नव्हतं साहेब. आईची शपथ."

"आईला मधी आणू नका. ठाऊक नव्हतं, एवढंच म्हना."

"नव्हतं ठाऊक."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी शेंदराकडं बघत होते तसं, आणि टेप गुंडाळायला लागले. मला ते फार लागलं. बहिणीच्या घराच्या बाबतीत मी असला खेळ करीन, असं त्यांना वाटू शकतं, हे मला सहन झालं नाही.

नवं माप त्या मोकळ्या जागेपासून धरलं गेलं आणि अक्काच्या प्लॉटचा मागचा जवळजवळ निम्मा भाग गेला. अक्का तडक त्यांच्या ऑफिसात गेली, मी मागोमाग. "सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरात काढलं साहेब," ती म्हणाली. "आता माझ्या जागेत माझं स्वयंपाकघर मावत नाही. पाणी आहे कुठं तिथं? किती वर्षांत कुणी बघितलंय?"

साहेबांनी तिला खुर्ची दिली. मला दिली नाही. "ताई, पाणी गावाला गेलंय," ते म्हणाले. "मेलेलं नाय. गावाला गेलेलं माणूस कवा परत येईल सांगता येतं का? आलं की आपल्याच घरात येतं. तुमी घर बांधा, पण त्याच्या घरात नका बांधू."

अक्का रडली नाही. तिनं पुढच्या जागेत अरुंद घर बांधलं. देवघर म्हणून भिंतीतला एक कोनाडा आला. मागची जागा मोकळी राहिली. वस्तीतल्या बाया अमावास्येला तिथं येतात, त्यांच्यासाठी तिनं मागं एक फाटक ठेवलंय, मात्र कुरकुर चालूच असते. आणि पाणी काही आलं नाही. दर पावसाळा संपला की अक्का मला फोन करून विचारते, "आलं का रे तुझ्या साहेबांचं पाणी?"

साहेब निवृत्त झाल्यावर मी त्यांना हे सांगितलं, थोडं खिजवायलाच. ते म्हणाले, "नाय आलं? बरं झालं की. मला काय ते यायला पायजे व्हतं व्हय?"

मागच्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी घरी भेटायला गेलो. बैठकीत बुद्धाची मूर्ती होती, शेजारी त्यांचा फोटो, फोटोतही तीच नजर. त्यांच्या पत्नीनं मला पाणी दिलं, कुठले म्हणून विचारलं. मी औरंगपुऱ्यातला इंजिनियर, एवढं म्हणालो आणि त्यांनी मान वर केली.

"तुमीच का ते आसरावाले?"

"हो."

"लई नाव काढायचे तुमचं. म्हनायचे, माणूस चांगला वाटतो. पण त्याला ठाऊक व्हतं का नव्हतं, ते काय शेवटपत्तोर कळलं नाय."

मी रस्त्यावर येऊन गाडीवर बसलो आणि बराच वेळ गाडी चालू केली नाही. हसू येत होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला ना दोषी ठरवलं, ना सोडलं. तरीही ते माझे होते, असं मला त्या दिवशी वाटलं.

यंदा त्या नाल्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत झाली. भिंत झाली की अंतराचा नियम सैल होतो, हे रीतसर आहे, त्यात कुणाचं काळंबेरं नाही. अक्काच्या मुलाचं लग्न ठरलंय. मागं दोन खोल्या आणि तिचं ते स्वयंपाकघर, सगळं आता कायद्यात बसतं. नवीन साहेब तरुण आहेत, नम्र आहेत. म्हणाले, "काही हरकत नाही सर, फक्त तुमची सही लागेल. जागा बांधायला योग्य आहे, एवढंच."

मी नकाशा काढला. अंतर बरोबर होतं, भिंत मजबूत होती, नियम बाजूनं होता. सगळं बरोबर बसत होतं. कागद टेबलावर आठवडाभर पडून राहिला आणि माझ्या हातून सही झाली नाही. शेवटी अक्काकडं जाऊन मी तसं सांगितलं.

"का?" तिनं विचारलं.

"मन खातंय."

"तुझ्या मनापायी माझी सून कुठं राहणार?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांग. शेजारच्या प्लॉटवाल्याचं काही आहे का यात? त्यानं काही सांगितलंय का तुला?"

"नाही अक्का."

तिनं मान हलवली आणि चहाचे कप उचलून आत गेली. माझ्या सख्ख्या बहिणीचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे मला तिच्या पाठीकडं बघूनही कळलं.

तिनं दुसरा इंजिनियर बघितलाय. त्यानं सही केली. गुरुवारी मागच्या जागेचं भूमिपूजन आहे, दाजींनी कुणाकुणाला बोलावलंय ते मला बाहेरून कळतंय. मला अजून बोलावणं आलेलं नाही.