पत्रकात छापलेली गिरकी

आमच्या अप्पांची एक सवय आहे: काम करायच्या आधी ते छापायचं. आमच्या गावात, चिटगुप्प्यात, अभ्यासिका हवी होती, तेव्हा जागा मिळण्याआधीच उद्घाटनाची पत्रकं वाटून झाली होती. एकदा कागदावर आलं की माणसाला मागं फिरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि अभ्यासिका खरंच उभी राहिली. मी वाचायला शिकले तीही या पिवळ्या-गुलाबी पत्रकांवरच. त्यामुळं चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पत्रकात, भाषणं आणि निबंध स्पर्धेच्या खाली, ‘चाकांच्या बुटांवर अवघड गिरकीचे प्रात्यक्षिक’ अशी ओळ आणि पुढं माझं नाव दिसलं, तेव्हा भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं.

गिरकी कुठली, तर एका पायावर गरगर फिरायचं, दुसरा पाय पाठीमागून उचलून डोक्याच्या वर न्यायचा आणि त्याचा बूट दोन्ही हातांनी धरायचा. मोबाइलवर पाहिली तेव्हा ती मारणारी मुलगी बर्फावर होती. आमच्याकडं बर्फ सरबताच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेला असतो. मी हुमनाबादला एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चार चाकांच्या बुटांनी शिकत होते. तीन वर्षांत साध्या गिरक्या जमल्या होत्या. ही एक जमवायला दीड महिना पुष्कळ, असं मी आणि अप्पांनी ठरवून टाकलं. पाठीला दोघांनीही विचारलं नाही.

सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर जाऊन मी पाय मागून ओढायला लागले. चौथ्या दिवशी कमरेत, मणक्याच्या अगदी एका ठिकाणी, टाचणी टोचावी तशी कळ आली. सोसणं हा मला गुणच वाटायचा. आमच्या घरात ज्यांच्या गोष्टी सांगत, त्या सगळ्यांनी सोसलेलंच होतं. म्हणून बोलले नाही.

मी बूट बांधायला वाकले आणि हात कमरेवर गेला, तो शिकवणाऱ्या अक्कांना दिसला. अक्का कन्नड घरातल्या. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, फक्त रागावल्यावर त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. कशानं झालं, म्हणून विचारल्यावर मी पत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं. मला पालथं झोपवून छाती उचलायला सांगितली आणि पाठीवरून एकेक बोट ठेवत गेल्या.

“सगळं वाकणं इथंच करायलीस,” त्या म्हणाल्या. “वरची पाठ झोपलीय, खांदे झोपलेत, मांडी झोपलीय. एकटी कंबर राबायलीय. असल्यावर तुमच्या पत्रकात काय लिहितेत गं?”

एकानं राबायचं आणि बाकीच्यांनी बसून खायचं, याविरुद्ध मी नववीपासून भाषणं देत होते.

कळ थांबेपर्यंत अक्कांनी पाय मागं उचलू दिला नाही. पण त्या दिवसापासून मला नवाच नाद लागला: माणूस वाकतो कुठून? दुबलगुंडीला आत्याच्या शेतात ज्वारी कापणाऱ्या बायका पाहिल्या. त्यांची पाठ पाटासारखी सपाट राहायची, घडी पडायची ती जांघेत. छताला रंग देणारा माणूस पाहिला. तो नुसती मान टाकत नव्हता, छातीच वर उघडत होता. विहारात तासभर मांडी घालून बसणाऱ्या माझ्या मांड्या बाहेर सहज उघडायच्या, पण सरळ मागं जायला तयार नव्हत्या. हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

अक्का आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. घाम आल्यावर एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढं, पोट घट्ट, आणि कंबर हळूहळू पुढं. मग ओढणी दोन्ही हातांत रुंद धरून डोक्यावरून मागं. मग गुंडाळलेल्या सतरंजीवर वरची पाठ टेकवून पडून राहायचं. हिसका दिला की “निधान, निधान,” म्हणजे सावकाश. ताण आला तर श्वास घेऊन थांबायचं, टोचलं तर तिथंच सोडून द्यायचं. ताण आणि टोचणं यांतला फरक ओळखायला मला तीन आठवडे लागले.

जयंतीला दहा दिवस राहिले तेव्हा, बुटांशिवाय, भिंतीजवळ उभी राहून, पावलात ओढणी अडकवून पाय डोक्याइतका वर येत होता. हात पावलापासून दीड वीत लांब होते. फिरणं तर पुढचंच. मी म्हटलं, पत्रक निघालंय.

“पत्रक तुझ्या अप्पांनी काढलं,” अक्का म्हणाल्या. “पाठ तुझी हाय.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी अप्पांना सगळं सांगितलं. टोचण्याचंही. ते चपापले, मग म्हणाले, “मग साधी गिरकी मार. कुणाला कळायलंय?”

“मला कळायलंय की.”

“छापताना ते खोटं नव्हतं.”

“आता हाय.”

अप्पांनी आजवर दुरुस्तीचं पत्रक कधीच काढलं नव्हतं. लोक हसतील, म्हणाले. हसू देत, मी म्हटलं. न जमलेलं जमलं म्हणून दाखवणाऱ्यांना आपण काय काय म्हणतो, ते आठवा. त्यांनी बशी बाजूला ठेवली. मग कागद माझ्याकडं सरकवला. मी लिहिलं: आमच्या पत्रकातील एक ओळ चुकीची आहे. ती गिरकी जमलेली नाही. ती कशी शिकतात, तेवढे दाखवले जाईल. अप्पांनी ‘जमलेली’च्या आधी ‘अजून’ घातलं आणि कागद छापायला नेला.

कार्यक्रमात मागून कुणीतरी म्हणालं, पुढच्या जयंतीलाच छापा मग. हशा झाला. मी एक साधी गिरकी मारली, बूट काढले, गुडघा टेकून ताण घेतला, मग उभी राहून ओढणीनं पाय डोक्याइतका आणला आणि हात किती लांब राहतात ते दाखवलं. पहिल्या रांगेतल्या, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी विचारलं, “ताण नेमका कुठं येतो गं?” मी मांडीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, खुर्चीची पाठ धरली आणि साडी सावरत एक पाऊल मागं घेतलं.

“व्हय, इथंच,” त्या म्हणाल्या. शेजारच्या दोघी उठल्या. अप्पा माइकपाशी पोहोचले होते. त्यांनी पुढच्या वक्त्यांना हातानंच थांबायला सांगितलं.