तांदळात लिहिलेलं नाव आणि दुधनीची भाकरी

रविवारी माणसं सिनेमाला जातात, आम्ही दुधनीला गेलो. तिथल्या मतदार नोंदणी शिबिराला मदतनीस हवे होते आणि माझ्या मैत्रिणीनं, रेश्मानं, मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं होतं. चांगली भांडणार होते मी तिच्याशी! पण बाई सकाळीच जुळे सोलापुरात माझ्या दारात हजर.

जाणार असाल तर अक्कलकोटमार्गे जाणारी एसटी धरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. डबा अजिबात नेऊ नका, दुधनीत उपाशी कुणी सोडत नाही. अक्कलकोट मागे पडलं की गाडीतल्या गप्पा अर्ध्या वाक्यात मराठीतून कानडीत शिरतात. मला तर ऐकायलाच लई मजा आली.

शिबिराचा शेवटचा दिवस होता. दुपारनंतर आम्ही घरोघर निघालो. एका ओसरीवरून हाक आली, "या की, बसा की! आमच्या सुनेचं नाव घाला."

सून एकोणीस वर्षांची, सीमेपलीकडच्या गावातली. पहिलंच मत. "पूजा," सासूबाईंनीच नाव सांगितलं. रेश्मानं अर्जात पूजा लिहिलं आणि मी आधार कार्ड पाहिलं तर शरणम्मा!

"ते माहेरचं वो," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात माज्या पोरानं तांदळात अंगठीनं पूजा लिवलंय की."

"अहो, पण त्याचा कागद?"

"कागद कुटला? तांदळाची खीर केली!"

हसून हसून पुरेवाट झाली. पण पूजा नावानं अर्ज गेला असता तर परत आला असता आणि पोरीचं या वेळचं मत बुडालं असतं. सासूबाई हटेनात. "बूथवर शरणम्मा म्हनून वरडतील. गाव काय म्हनंल?"

माझा पारा चढायला लागला. तेवढ्यात इतका वेळ खाली मान घालून बसलेली सून बोलली. "अत्ती," म्हणजे सासूबाई, "मला मत द्यायचंय. शरणम्माच लिवू द्या की."

आता भडका उडतोय असं मला वाटलं. पण सासूबाईंनी माझ्या हातातलं आधार कार्ड घेऊन त्या नावावरून बोट फिरवलं.

"मी नागम्मा व्हते," त्या म्हणाल्या. "हितं आल्यावर शोभा झाले. बाप गेल्यापासनं त्या नावानं हाकच न्हाय."

"मग मी मारू का हाक?" मी म्हटलं. "नागम्मा!"

"ओ!" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून अशा लाजल्या! रेश्मानं गुपचूप नवा अर्ज घेतला. शरणम्माचं नाव घालून झाल्यावर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढं आलं. मी लाज सोडून जेवले.

घरी पोचले तेव्हा पाय बोंबलत होते. पुढं कामाच्या धबडग्यात दुधनी जरा मागे पडली. महिन्याभरानं शरणम्माचा फोन आला. "ताई, यादीत नाव आलं!" मी खुशीत विचारलं, "सासूबाई काय म्हणतात?"

उत्तर तिच्या मागूनच आलं, फोनपेक्षा मोठ्या आवाजात. "नागम्मानं इचारलंय म्हनून सांग!"