अत्तारांच्या काढ्याला पडलेले गुण

लातूरच्या आमच्या गोलाई बाजारात कुणाला जखम झाली की डॉक्टरच्या आधी महेबूब अत्तारांचं नाव निघायचं. हिरडा, कडुलिंबाची साल आणि दारुहळद उकळून केलेला त्यांचा काढा लोक जखम धुवायला बाटलीतून न्यायचे. किल्लारीच्या भूकंपानंतर हा माणूस तीन आठवडे तंबूंमध्ये काढ्याचं भगोणं मांडून बसला होता. तिथून परतला तो हाताला गुण असलेला चाचा होऊनच. माझं दुकान त्यांच्या शेजारी. वडील तिथं बी-बियाणं विकायचे. क्लासेस वाढले तसं मी झेरॉक्स मशीन आणलं. लातुरात तेव्हा पोरांना जेवलास का असं कुणी विचारत नसे, गुण किती पडले एवढंच विचारत.

महेबूबभाईंची मुलगी अर्शी नांदेडला एम.एस्सी. करत होती, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. तिनं प्रकल्पासाठी बापाचाच काढा घेतला. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधल्या खळग्यात काढा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. काढ्यानं जंतू मारले असतील तर खळग्याभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. कडं आलं अठरा मिलिमीटरचं. महेबूबभाई फोटो घेऊन माझ्याकडे धावत आले. "मृत्युंजय, बघ, आमच्या काढ्याला पण गुण पडले!" मी दीडशहाणा. तो फोटो चौपट मोठा करून त्यांच्या शटरवर स्वतःच्या हातानं चिकटवला. त्याची बोचणी अजून गेलेली नाही.

कारण त्याच आठवड्यात महेबूबभाईंच्या बायकोच्या, बानोभाभींच्या पायाला चप्पल चावली होती. भाभींना जुनी शुगर. करंगळीशी आलेला फोड फुटला आणि चिघळला. महेबूबभाई सकाळ-संध्याकाळ पाट मांडून, स्वतः जमिनीवर बसून, तो पाय कोमट काढ्यानं धुवायचे. "कसं वाटतंय?" असं विचारायचे. "बरं हाय," भाभी म्हणायच्या. आठव्या दिवशी मी दुकानामागच्या त्यांच्या घरात गेलो आणि दारातच मला वास आला. करंगळी काळी पडली होती. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ या. महेबूबभाईंनी बाहेरच्या शटरकडे बोट दाखवलं. तिथं कागद मीच लावलेला, बोलणार काय?

रविवारी अर्शी आली. पाय बघून तिनं बॅगही खाली ठेवली नाही.

"अब्बा, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायचं."

"कशाला? जंतू मरतेत म्हणून तुझ्याच बशीनं सांगितलं न्हवं?"

"ते प्रयोगशाळेतले जंतू हायेत. बशीत काढा त्यांच्यात मुरून बसतो. अम्मीच्या पायात तो आतवर जातच न्हाई. तिथं रक्तसुद्धा नीट पोचून नाही राहिलं."

"किल्लारीत कुठं बशा होत्या? शेकड्यानं जखमा धुतल्या या हातानं. अन् तू मला शिकवून राहिलीस?"

पोरगी रडकुंडीला आली. आईकडे वळली. भाभी म्हणाल्या, "बरं हाय गं आता." मला त्या नवराबायकोचा असा राग आला! उचलूनच नेऊ म्हणून मी पुढे झालो, तर महेबूबभाई दारात आडवे उभे राहिले. मी मागे सरलो.

अर्शीनं डोळे पुसले. बॅगेतून कापूस लावलेली काडी काढून तिनं जखमेतला पू घेतला आणि नळीत बंद केला. "माझं ऐकत न्हाई ना? बशीचं तर ऐकता. मग बशीलाच विचारते," असं बापाला म्हणाली, आणि मला म्हणाली, "काका, मधी ताप चढला तर यांना विचारत बसू नका." संध्याकाळची नांदेडची एसटी तिनं धरली.

सोमवारी भाभींचं अंग कोमट होतं. कोमट म्हणजे ताप की नाही, यावर मी दिवसभर स्वतःशीच वाद घातला. मंगळवारी सकाळी मात्र हात ठेववत नव्हता. भाभी बरळू लागल्या. मी रिक्षा दारात आणली, महेबूबभाई "थांब, थांब" करत राहिले, आणि तेवढ्यात अर्शी एसटी स्टँडवरून धापा टाकत आली. हातात स्टीलचा डबा, डब्यात चिकटपट्टीनं बंद केलेली बशी.

"उघडू नका. नुसतं बघा."

बशीभर पिवळट साय धरली होती, अगदी काढ्याच्या खळग्याच्या काठापर्यंत. महेबूबभाईंनी माझ्या काउंटरवरची मोजपट्टी मागितली. एका बाजूनं लावली, बशी फिरवून दुसऱ्या बाजूनं लावली. मोजायला कडंच नव्हतं.

"यात काढा माझाच?"

"तुमचाच. त्याच बाटलीतला."

"अन् जंतू?"

"अम्मीच्या पायातले."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. भाभींना दोन्ही हातांवर उचललं आणि रिक्षात बसले.

सरकारी दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. आणखी एक दिवस गेला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. महेबूबभाईंनी मान खाली घालून ऐकलं. ताप उतरल्यावर भाभी हळूच म्हणाल्या, "मला पाचव्या दिवशीच वास आल्ता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही खाली बसून पाय धुवायचे. वर बघून विचारायचे, कसं वाटतंय. त्या तोंडाकडं बघून न्हाई कसं म्हणू?"

महेबूबभाई उठून वॉर्डाबाहेर गेले, पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. "मृत्युंजय, आजपातूर किती जणांनी मला नुसतंच बरं हाय म्हणलं असंल रे?" मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची होती. नर्सनं नातेवाइकांना बाहेर काढलं; महेबूबभाई मात्र हलले नाहीत. पट्टी सुटू लागली तशी भाभींनी सवयीनं सुरुवात केली, "बरं..."

"तू बोलू नको," महेबूबभाई म्हणाले. "मला बघू दे."

आणि चष्मा लावून ते पायावर वाकले.